भाजी बघितली की तोंड मिटणाऱ्या पिल्लांना भाजी कशी खायला शिकवायची

आमच्या लेकीला दीड वर्षापर्यंत सगळं चालायचं. लाल भोपळा, दुधी, पालक, वरणभातात काहीही कालवलं तरी खायची आणि मग अचानक भातात हिरवं पान दिसलं की ओठ घट्ट मिटून मान फिरवायला लागली, मी दोन महिने वाटी घेऊन तिच्या मागे घरभर फिरले, मोबाईलवर गाणी लावली, ओरडलेसुद्धा, आणि त्या ओरडण्याचं मला अजून वाईट वाटतं. ज्यांच्या घरी आत्ता हे चालू असेल त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी एक समजून घ्या, मूल हट्टी झालेलं नाहीये. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणजे भूकच कमी होते. त्यात दोन वर्षांच्या आसपास अनोळखी पदार्थाची भीती वाटायला लागते आणि कडू चव लहान मुलांना आपल्यापेक्षा जास्त लागते, मग मेथी नको म्हणणारच ना.

पहिलं काम, दूध मोजा. खरंच मापाने मोजा. या वयात दिवसाला अर्धा लिटर पुरे, आमच्याकडे पाऊण लिटरच्या वर जात होतं आणि वर बिस्किटं, मग जेवायच्या वेळी पोटात जागा कुठून असणार. दुधात लोह अगदी थोडं असतं, त्यामुळे दुधावरच पोट भरणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन कमी होऊ शकतं. जेवणाआधी दोन-अडीच तास पाण्याशिवाय काही देऊ नका, माझ्या मते निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

मग जबरदस्ती बंद. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ञ आहेत, त्यांनी एक वाटणी सांगितलीये : काय, कधी आणि कुठे द्यायचं ते आईबाबांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. हे घरातल्या मोठ्यांना पटवणं सगळ्यात अवघड. आजी प्रेमापोटीच एक घास चिऊचा एक घास काऊचा करून भरवत असते, तिला दुखावू नका, फक्त मुलाने तोंड फिरवलं की पुढचा घास नको एवढं ठरवून घ्या. भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन हेही नको, त्याने चॉकलेट आणखी मोठं होतं आणि भाजी शिक्षा वाटते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचला, काही न बोलता.

आता भाजी. एका वेळी एकच नवीन, आणि ती चमचाभर, सोबत मुलाला आवडणारं काहीतरी हवंच, वरणभात नाहीतर तूप-पोळी. नको म्हणालं तरी दोन-तीन दिवसांनी परत ठेवा. बऱ्याच मुलांना एखादी चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा लागतात, कधी पंधरा, आणि आपण तिसऱ्या वेळी सोडून देतो. नुसता हात लावला, वास घेतला, चाटून टाकून दिलं तरी ती एक वेळ मोजा. दर वेळी रूप बदला. लाल भोपळ्याचे घारगे, दह्यातलं भरीत, मेथ्यांच्या फोडणीच्या फोडी. दुधी किसून थालीपिठात, कोबी-गाजर मुगाच्या धिरड्यात. पालकाची ताकातली पातळ भाजी गूळ घालून केली की आंबटगोडपणात कडवटपणा झाकला जातो, पण त्यात अख्खे शेंगदाणे घालू नका, घशात अडकतात, कूट घाला. कच्च्या गाजराचे तुकडेही नकोत, वाफवून बोटाएवढे मऊ करून द्या.

थालीपिठात लपवण्याबद्दल माझं मत असं की लपवा, पण तेवढ्यावरच थांबू नका. मुलाला दुधी कसा दिसतो तेच कळलं नाही तर मोठेपणी ताटातला दुधी त्याला परकाच वाटणार. म्हणून किसताना शेजारी बसवा, थोडा कीस हातात द्या. मटार सोलायला द्या, मेथी निवडताना पेपरवर पानं वेगळी करायला द्या, पसारा होतो, होऊ दे. आमच्या लेकीने पहिला मटार असाच तोंडात टाकला, ताटातला कधीच नाही. (मी तो काढून बोटाने चेपून परत दिला, या वयात चेपूनच द्या.)

आणि तुम्ही स्वतः तीच भाजी मुलासमोर बसून खा, टीव्ही बंद करून. आमच्या घरी बाबा कारलं सोडून सगळं खातात हा फार मोठा आधार होता.

वजन वाढत नसेल, मूल फिकट दिसत असेल, घास गिळताना सारखं ठसकत असेल किंवा खाण्यातले पदार्थ एकेक करून कमीच होत चालले असतील तर मात्र थांबू नका, बालरोगतज्ञांना दाखवा.

कुठून सुरू करायचं कळत नसेल तर लाल भोपळ्याने करा. गोडसर असतो, पटकन मऊ शिजतो आणि पाव किलोची फोड आणली की दोन-तीन दिवस पुरते. आज तुपात जिऱ्याची फोडणी देऊन चार फोडी, परवा त्याचंच भरीत, आणि वरणभाताच्या शेजारी एक चमचा, बस्स.