माकडाच्या पिल्लांच्या ओरडण्यावर प्रोजेक्ट करायचाय? आधी हे वाचा

सोलापुरात एमएस्सी झूलॉजी करणारी पोरं विचारतात की माकडांवर प्रोजेक्ट जमतो का, तर जमतो की, लॅबचा खर्च पण नाही. मी आई आणि पिल्लू हा विषय घेतला होता. आपल्याकडे बॉनेट मकाक, म्हणजे डोक्यावर केसांचा भोवरा असलेली माकडं, त्यांची पिल्लं साधारण उन्हाळ्याच्या तोंडाला होतात, म्हणून तयारी थंडीतच करा. नंतर पारा चाळीसच्या वर गेल्यावर माकडंही सावलीला बसतात, सकाळी लवकर जायचं.

आता मुख्य गोष्ट. पिल्लू किंचाळलं की नवखा माणूस लगेच वहीत 'आई छळते' लिहितो. थांबा. पिल्लू मोठं व्हायला लागलं की आई दूध तोडते, ढकलते, आणि ते अक्षरशः आकांत करतं, हे नॉर्मल आहे. छळ म्हणजे पिल्लाला शेपटीला किंवा पायाला धरून फरफटवणं, जमिनीवर दाबणं, फेकणं. डारिओ मेस्त्रिपिएरी या संशोधकांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांवर यावर बरंच काम केलंय, छळ बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच दिसतो. २००५ साली त्यांनी पिल्लांची अदलाबदल करून दाखवलं की छळणाऱ्या आईकडे वाढलेल्या जवळपास निम्म्या माद्या पुढे स्वतःच्या पिल्लाला छळतात, मग जन्मदाती कशीही असो. पण हे बंदिस्त जागेतल्या आणि तेही ऱ्हीससवरचं, आपल्या माकडांना सरळ लावू नका. आपल्याकडे तसं काही दिसलं नाही तर तेच लिहायचं, त्यात कमीपणा नाही.

नोंद कशी घ्यायची तर जीन ऑल्टमन यांचा १९७४चा पेपर वाचाच, फोकल सॅम्पलिंग तिथूनच शिका. म्हणजे एकच पिल्लू ठरलेला वेळ बघायचं, आवाज कधी आला, त्याआधी आई काय करत होती, नंतर तिनं उचललं का. आवाजाला नाव द्यायची घाई नको, रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) फाइलमध्ये ठेवा (एमपीथ्रीत बारीकसारीक जातं) आणि प्राट (Praat) या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र काढा, फुकट आहे. तुटक कटकट आणि लांब किंकाळी तिथं डोळ्यांनी वेगळी दिसते.

देवळापाशी भाविक शेंगदाणे टाकतात तिथला डेटा बाजूला ठेवा हो, तिथं निम्मं ओरडणं खाण्यावरून असतं. आणि एखादा मित्र सोबत न्या, दोघांनी वेगवेगळं लिहून कॅपा (kappa, दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा) काढा, नाहीतर व्हायवाला पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.