सिनारिओ कोर्स बनवताय? टूलच्या नादात या चुका टाळा

सिनारिओ कोर्स म्हणजे प्रसंगात निर्णय घेत शिकायचा ऑनलाइन कोर्स. काम हाती आलं की लगेच स्टोरीलाइन (असे कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) उघडायचं, ही पहिली चूक. पात्रं, बॅकग्राउंड, बटणं सगळं सजवून होतं आणि मग एसएमई (त्या विषयाचे जाणकार) सांगतात, असा प्रसंग आमच्याकडे घडतच नाही. आधी ट्वाइन या फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायच्या टूलमध्ये नुसत्या मजकुरात गोष्ट लिहा. ते फुकट आहे, आणि फाट्यांचा नकाशा समोर दिसतो.

मात्र ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरलं तर गोष्ट त्याच ब्राउझरमध्ये साठते, सर्व्हरवर नाही. साइट डेटा पुसला की गेली. त्यामुळे काम थांबवताना 'पब्लिश टू फाइल' कराच; तीच एचटीएमएल फाइल परत इंपोर्ट होते. नाहीतर सरळ डेस्कटॉप ॲप घ्या.

प्रत्येक ठिकाणी 3 पर्याय, असे 5 निर्णय आणि एकही फाटा परत जोडला नाही, तर 243 शेवट होतात. तपासणार कोण? एकदोन पावलं वेगळी वाट, मग मूळ प्रसंगात परत. फरक व्हेरिएबलमध्ये (निवड किंवा गुण लक्षात ठेवणाऱ्या कप्प्यात) धरा.

खरी गोची पर्याय लिहिताना होते, आणि तिथे कुठलंच टूल मदतीला येत नाही. समजा, बँकेत एक आजी एफडी मोडायला आल्यात. फोन कानाला, चेहरा उतरलेला, कारण विचारलं तर 'घरचं काम आहे'. फोनवर कुणीतरी फसवत असावं. इथे 'मुकाट पैसे पाठवा', 'आजींवर ओरडा' आणि 'नम्रपणे समजावून सांगा' असे पर्याय दिले, तर उत्तर कोर्स न उघडताही सांगता येईल. त्याऐवजी 'मॅनेजरना बोलावतो', 'केबिनमध्ये बसवून फोन ठेवायला सांगतो', 'मुलाला फोन लावतो' असे द्या. तिन्ही शहाणपणाचे वाटतात. मुलाचं नाव काढताच आजी चिडून उठतात आणि दुसऱ्या शाखेकडे निघतात. 'चूक! पुन्हा प्रयत्न करा' यापेक्षा हे जास्त लागतं.

स्टोरीलाइनमध्ये मागे गेल्यावर जुनंच उत्तर निवडलेलं दिसतंय? स्लाइड प्रॉपर्टीजमध्ये 'व्हेन रीव्हिजिटिंग' हे 'रीसेट टू इनिशियल स्टेट' करा. त्याने तुमचे व्हेरिएबल मात्र शून्यावर येत नाहीत. 'पुन्हा सुरू करा' बटणावर त्यासाठी वेगळा ट्रिगर (बटण दाबल्यावर ते शून्य करणारी आज्ञा) लावा, नाहीतर दुसऱ्या फेरीत गुण फुगतात.

लांबलचक कोर्स अर्ध्यात सोडून परत आल्यावर भलत्याच ठिकाणी उघडत असेल, तर संशय स्कॉर्म 1.2 वर घ्या. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएस (कोर्स चालवणारी आणि नोंदी ठेवणारी प्रणाली) यांना जोडणारं मानक. त्यात प्रगतीच्या नोंदीला 4,096 अक्षरांचीच जागा असते. एलएमएस चालवून घेत असेल तर स्कॉर्म 2004 ची चौथी आवृत्ती निवडा, तिथे 64,000 मिळतात. एलएमएस मूडल असेल तर 1.2 च ठेवा आणि ॲडमिनला 'स्कॉर्म स्टँडर्ड्स मोड' बंद आहे का ते बघायला सांगा. बंद असला की मूडल जास्त नोंद साठवू देतं.