हिरड्यांचा आजार ‘घराण्यातलाच’ म्हणून सोडून देता? या चुका टाळा

‘आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात’ हे वाक्य पायोरिया असलेल्या घरांत नेहमी ऐकू येते. त्यात तथ्य आहे. पण ‘मग उपचार करून काय उपयोग?’ असे म्हणून गप्प बसणे, ही सर्वांत मोठी चूक आहे.

श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० तमिळ कामगारांचे दात संशोधकांनी १९७० पासून १५ वर्षे वेळोवेळी तपासले. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतोपचारही मिळत नव्हते, त्यामुळे सर्वांच्याच दातांवर कीटण आणि हिरड्यांना सूज होती. तरीही सुमारे ८ टक्के जणांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्के जणांचा मध्यम गतीने, तर ११ टक्के जणांचा सुजेच्या पुढे गेलाच नाही. कीटण सारखेच असताना शरीराचा प्रतिसाद इतका वेगळा असू शकतो आणि त्या प्रतिसादात जनुकांचा वाटा मोठा असतो. आजार सुरू होतो तो मात्र दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे. तो थर काढणे आपल्याच हातात आहे.

दुसरी चूक म्हणजे सवयीला आनुवंशिकता समजणे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची मिश्री आजी, आई आणि मावशी वर्षानुवर्षे बोटाने हिरड्यांवर घासत आल्या असतील आणि तिघींचीही दातांची मुळे उघडी पडली असतील, तर दोष रक्ताला देण्याआधी मिश्रीच्या डबीकडे पाहावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी असते: त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही सारे ठीक असल्यासारखे वाटते.

एखाद्या जनुक-चाचणीवर विसंबणेही टाळावे. इंटरल्युकिन-१ या जनुकाच्या काही प्रकारांचा संबंध १९९७ मध्ये तीव्र आजाराशी जोडला गेला होता, परंतु पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. नेहमीच्या पायोरियात एकच जनुक दोषी नसते. त्यापेक्षा दंतवैद्यांना प्रोबने मोजमाप घ्यायला सांगावे. मिलिमीटरच्या खुणा असलेली ही बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधील फटीत अलगद फिरवतात. १ ते ३ मिलिमीटर खोली सामान्य मानली जाते, त्याहून खोल फट आणि तेथून येणारे रक्त यांची नोंद ठेवावी लागते. आई-वडील किंवा भावंडांचे दात तरुणपणीच हलू लागले असतील, तर हे मोजमाप दुखण्याची वाट न पाहता करून घ्यावे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

लहान मुलाचे दुधाचे दात चार-पाच वर्षांतच हिरड्या सुजून पडू लागले आणि तळहात-तळपायांची कातडी जाड झाली, तर मात्र थांबू नये. कॅथेप्सिन-सी या जनुकातील दोषामुळे होणारा पॅपिलॉन-लेफेव्हर हा दुर्मीळ आजार असू शकतो; आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो, म्हणून मामेबहिणीशी लग्नासारख्या नात्यातल्या विवाहांत त्याची शक्यता वाढते.

आणि कीटण काढल्यावर दातांत फटी दिसू लागल्या म्हणून उपचार अर्ध्यावर सोडू नये. ती जागा आजवर कीटणाने आणि सुजेने भरलेली होती. तेथे आता दातांमधला छोटा ब्रश रोज फिरवायचा असतो आणि ज्यांचा आजार वेगाने वाढतो, त्यांनी साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यायची असते.