वाघ्याला आश्रमात जागा मिळेना, तेव्हा

आमचा कुत्रा वाघ्या दोघांना चावला. दुसऱ्यांदा पेपर टाकणाऱ्या पोराला. जखम साबणानं 15 मिनिटं नळाखाली धुतली, त्याला लस सुरू केली, कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवली. मंगळवार पेठेत मग एकच धोशा, "दादा, सोडून या की पन्हाळ्याकडं!"

कुत्र्यांच्या चार आश्रमांना फोन केले. चावतो म्हटलं की जागा संपायची. लपवून दिला असता, पण तिथं काम करणाऱ्या पोरांचं काय?

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडं नेला. डावा कान आतून पिकलेला! दोन्ही वेळा लोक डोकं कुरवाळायला गेले होते, ते तेव्हा कुठं ध्यानात आलं. औषधानं राग निम्मा उतरला. उरलेल्यासाठी जाळीचं मझल, म्हणजे तोंडाला बांधायची मुसकी, आणलं. कापडी घेऊ नका, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. आत दही लावून धरायचं, तो स्वतःच तोंड घालतो. पट्टा बांधायला आठवडा थांबलो.

फाटकाच्या आत दुसरं जाळीचं दार बसवलं. पेपर आता बाहेरच्या डब्यात पडतो. रंकाळ्याला जातो ते पहाटे पाचला, भेळेच्या गाड्या लागायच्या वेळी नाही.