नॅनोमटेरियलचा सेन्सर नीट चालत नाही? या चुका टाळा

सोलापुरात रसायनशास्त्राचे प्रकल्प करणारी बरीच मुलं ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब किंवा चांदीचे नॅनोकण इलेक्ट्रोडवर (विद्युत मापन करणाऱ्या कांडीवर) लावून सेन्सर बनवतात. विषय दारातच आहेत: बोअरचं पाणी, डाइंग हाउसचं सांडपाणी. पण बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात) सुरेख दिसलेला पीक, म्हणजे आलेखातलं करंटचं टोक, खऱ्या नमुन्यात हरवतो आणि खापर नॅनोमटेरियलवर फुटतं. चूक बहुधा दुसरीकडेच असते.

आधी कोरा इलेक्ट्रोड तपासा. ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या कठीण कार्बनचा) इलेक्ट्रोड ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनावर घासा, चिकटलेली पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्राने) काढा आणि फेरीसायनाइडमध्ये सायक्लिक व्होल्टॅमोग्राम, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे नेत करंटचा आलेख, घ्या. दोन पीकमधलं आदर्श अंतर ५९ मिलिव्होल्ट. ७०-८० पर्यंत चालतं. १५० आलं तर त्यावर नॅनोमटेरियलचा थर देण्यात अर्थ नाही, पुन्हा घासा.

सगळ्यात जास्त घोळ थर देण्यासाठी इलेक्ट्रोडवर नॅनोमटेरियलचा थेंब टाकताना होतो. नॅनोट्यूब साध्या पाण्यात गोळा होऊन तळाशी बसतात, मग प्रत्येक थेंबात वेगळंच प्रमाण जातं. डीएमएफ या सेंद्रिय द्रावकात किंवा आम्लात विरघळवलेल्या कायटोसान या नैसर्गिक पॉलिमरमध्ये ते बरे पसरतात. तरीही थेंब घेण्याआधी दर वेळी सोनिकेट करा. आपल्याकडच्या मे महिन्यात पाण्यातला थेंब बघता बघता सुकतो आणि चहाच्या कपाच्या डागासारखी कडेला जाड कड, मध्ये विरळ थर राहतो. वर बीकर पालथा घालून सावकाश वाळवा.

थर जाड केला की सेन्सर चांगला होतो, ही समजूत तर सोडूनच द्या. जाड थराने पार्श्वभूमीचा करंट फुगतो आणि पीक त्यात बुडतो. शिवाय सच्छिद्र थरात अडकलेल्या द्रावणामुळे पीक सरकतात, आणि आपण त्याला उत्प्रेरण म्हणून मोकळे होतो. स्कॅन रेट, म्हणजे व्होल्टेज बदलण्याचा वेग, बदलून पाहा. पीक करंट आणि स्कॅन रेट यांच्या लॉग आलेखाचा उतार ०.५ च्या आसपास असेल तर विसरण (पदार्थ द्रावणातून पसरत इलेक्ट्रोडपर्यंत येतोय). १ कडे झुकला तर अडकलेलं द्रावण किंवा अधिशोषण (पदार्थ पृष्ठभागाला चिकटलाय). नॅनोट्यूबमध्ये उरलेलं लोखंडही हायड्रोजन पेरॉक्साइडला सिग्नल देतं. म्हणून नॅनोट्यूब आम्लाने धुवा, आणि न धुतलेल्याशी तुलना करूनच श्रेय द्या.

आता नमुना. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या सांडपाण्यात मीठ भरपूर असतं. चांदीचे नॅनोकण क्लोराइडशी जुळून सिल्व्हर क्लोराइडचा पीक देतात आणि तोच शोधत असलेल्या पदार्थाचा समजला जातो. तेवढंच मीठ घातलेला, पण पदार्थ नसलेला ब्लँक चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोअरच्या पाण्यात तांब्याच्या नॅनोकणांनी नायट्रेट मोजताना विरघळलेला ऑक्सिजनही क्षपण पावतो (इलेक्ट्रॉन घेतो) आणि करंटमध्ये मिसळतो. दहा-पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. तुमचा सेन्सर या आकड्याच्या आसपास, त्याच पाण्यात, विश्वासार्ह हवा. बफरमधला कॅलिब्रेशन आलेख (माहीत प्रमाणांवरून काढलेला) तिथे लागू पडेलच असं नाही. मोजलेल्या नमुन्यातच माहीत प्रमाणात नायट्रेट घालत जा आणि त्यावरून मूळ प्रमाण काढा.

पीक अख्खाच सरकला असेल तर संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) बघा. त्याचं टोक कोरडं पडलंय का, आत बुडबुडा अडकलाय का? काम झाल्यावर तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवा.

आलेखाची रेघ नुसतीच थरथरत असेल तर आधी क्लिपांवरचा गंज खरवडा, मग पंखा बंद करून पुन्हा स्कॅन घ्या.