एओएमने पल्स पिकिंग करताना आधी काय काय बघायचं (आणि डिले विसरू नका)

गॉगल, लेझर वॉर्म-अप वगैरे सांगत बसत नाही. एओएम म्हणजे अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर, क्रिस्टलमध्ये आवाजाची लाट सोडून लेझरचा बीम वळवतो तो. आपल्याकडे ८० मेगाहर्ट्झचा टायटेनियम-सफायर लेझर आहे, म्हणजे दर १२.५ नॅनोसेकंदाला एक पल्स, आणि त्यातली एकच उचलायचीये. ट्रिगर लेझरमधूनच घ्या, फोटोडायोड, मग डिव्हायडर, मग डिले जनरेटर. जनरेटरच्या स्वतःच्या क्लॉकवर चालवलंत तर गेट (एओएम चालू असतो तेवढी वेळेची खिडकी) पल्सेसवरून सरकत राहील आणि तुम्ही ऑसिलोस्कोपला शिव्या द्याल. स्कोपला ५० ओहम लावा.

आता डिले. मागच्या वेळी हाच विसरलो आणि अलाइनमेंटच बिघडलीये असं समजून आरसे फिरवत बसलो. ड्रायव्हरला (एओएमला आरएफ सिग्नल देणारा डबा) ट्रिगर गेला म्हणजे बीम लगेच वळला असं नसतं हो, आवाजाला ट्रान्सड्यूसरपासून (क्रिस्टलच्या कडेला तो आवाज तयार करणारा भाग) बीमपर्यंत क्रिस्टलमधून चालत यावं लागतं. टेल्युरियम डायऑक्साइडमध्ये वेग साधारण ४.२ मिलिमीटर प्रति मायक्रोसेकंद, बीम ट्रान्सड्यूसरपासून १ मिलिमीटर दूर असेल तर जवळजवळ २४० नॅनोसेकंद गेले, तेवढ्यात १९ पल्स निघून जातात! म्हणून आधी गेट १०० नॅनोसेकंदाचं रुंद ठेवा, फर्स्ट ऑर्डरमध्ये (वळलेल्या बीममध्ये) दुसरा फोटोडायोड लावा, डिले शून्यापासून सरकवत जा, सात-आठ पल्सेसचा घोळका दिसला की मग गेट अरुंद करा. आणि नंतर एफिशियन्सी (किती प्रकाश वळतो ती) वाढवायला एओएम आडवा सरकवलात, अगदी ०.१ मिलिमीटर, तर डिले २४ नॅनोसेकंद बदलला, म्हणजे दोन पल्सेसचा फरक. स्टेजला हात लावला की डिले परत बघा. केबल बदलली तरी बघा, मीटरला ५ नॅनोसेकंद जातात.

क्रिस्टलमध्ये बीमचा स्पॉट लहान पाहिजे. ५० मायक्रॉनला राइज टाइम (एओएम चालू व्हायला लागणारा वेळ) साडेसात नॅनोसेकंदाच्या आसपास येतो, २०० मायक्रॉनला ३०, मग शेजारच्या पल्सेस फुकटात सोबत येतात. फार बारीक केलात तर एफिशियन्सी पडते आणि क्रिस्टल जळायची भीती, त्यामुळे मधलं काहीतरी धरा. अरुंद गेटमध्ये २०० मेगाहर्ट्झच्या कॅरियरची (ड्रायव्हरच्या आरएफ लाटेची) दोन-तीनच सायकल्स बसतात, कॅरियर लेझरशी लॉक नसेल तर दर शॉटला पल्सची उंची वेगळी येते, ते मात्र डिले फिरवून जाणार नाही.

आरएफ ड्रायव्हर एओएम जोडल्याशिवाय चालू करू नका, म्हणजे नकोच. पॉवर कमीपासून वर न्या. पोलरायझेशन, ब्रॅग अँगल, झिरो ऑर्डर (न वळलेला बीम) डम्पमध्ये, कॉन्ट्रास्ट, बाकी नेहमीचंच. शेवटी सगळं घट्ट केल्यावर डिले परत एकदा स्कॅन करा, स्क्रू आवळतानाही एओएम हलतो.