गाळ्यावरची विक्री पॉवर बीआयमध्ये: आरडीएस पोस्टग्रेसची जोडणी

वाशीच्या भाजीपाला मार्केटमधल्या एका आडत पेढीचे रिपोर्ट मी बघते. मेहताजी गाळ्यावर टॅबवर पावती करतात, ती ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या आरडीएस या डेटाबेस सेवेवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाते आणि शेठना सकाळी मोबाइलवर पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट टूलमधून आवक, विक्री, उधारी दिसते. तुमचा डेटाही असाच क्लाउडवर असेल, तर जोडणी अशी करा.

सुरुवात डेटाबेसपासून. मास्टर यूजरचा पासवर्ड रिपोर्टला द्यायचा नाही म्हणजे नाही. रिपोर्टिंगसाठी वेगळी स्कीमा (डेटाबेसमधला स्वतंत्र कप्पा) करा, तिच्यात फक्त व्ह्यू (टेबलांवर बेतलेल्या तयार क्वेरी) ठेवा आणि एक नवा यूजर काढून त्याला डेटाबेसवर कनेक्ट, स्कीमावर यूसेज आणि व्ह्यूंवर सिलेक्ट, म्हणजे वाचायचा हक्क, एवढंच द्या. मूळ टेबलांवर त्याला काही लागत नाही. पुढे नवा व्ह्यू केलात की सिलेक्ट पुन्हा द्यावं लागतं, म्हणून डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस (नव्या व्ह्यूंना आपोआप लागणारे हक्क) आत्ताच लावून टाका.

मग सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या फायरवॉलमध्ये, पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट उघडा, पण फक्त ऑफिसच्या आयपीसाठी, शेवटी /३२ (म्हणजे तो एकच पत्ता) लावून. ‘सध्या चालू तर होऊ दे’ म्हणून ०.०.०.०/० (म्हणजे सगळ्या जगाला मोकळं) टाकणारे भरपूर भेटतात. ते ‘सध्या’ वर्षानुवर्षं तसंच राहतं. साध्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, तेव्हा नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या. डेटाबेस ‘पब्लिकली ॲक्सेसिबल’ (इंटरनेटवरून पोचता येणारा) नसेल, तर मात्र नुसतं पोर्ट उघडून भागत नाही.

पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजवरच चालतं. गेट डेटामध्ये पोस्टग्रेस निवडा, सर्व्हरच्या जागी आरडीएसचा एंडपॉइंट (सर्व्हरचा पत्ता) आणि खाली डेटाबेसचं नाव टाका. बहुतेकांना इथे ‘रिमोट सर्टिफिकेट इनव्हॅलिड’ असा एरर येतो. एन्क्रिप्शनची टिक काढायचा मोह होतो, पण पोस्टग्रेस १५ पासून आरडीएस मुळातच एसएसएलशिवाय, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय, आत घेत नाही. ॲमेझॉनच्या साइटवरून सर्टिफिकेटांचं पी७बी बंडल उतरवा आणि विंडोजच्या ‘ट्रस्टेड रूट’ सर्टिफिकेटांमध्ये टाका. टाकताना ‘करंट यूजर’ नको, ‘लोकल मशीन’ निवडा. कारण पुढे गेटवेपाशी (ऑफिसातून डेटा पॉवर बीआयकडे पोचवणारा प्रोग्राम) येईल.

इम्पोर्ट (डेटाची प्रत पॉवर बीआयमध्ये आणणं) की डायरेक्ट क्वेरी (दर वेळी थेट डेटाबेसला विचारणं)? इम्पोर्ट. एका पेढीच्या पावत्यांना डायरेक्ट क्वेरीची गरज नाही.

आता तारीख. आपल्या मार्केटमध्ये खरा गोंधळ इथेच होतो, कारण माल रात्री येतो आणि धंदा पहाटे होतो. डेटाबेस वेळ यूटीसीमध्ये ठेवतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. गवारीची पावती १६ तारखेला पहाटे साडेतीनला फाडली, तर तिथे नोंद दिसते १५ तारीख, रात्री दहा. पहाटे साडेपाचच्या आधीची सगळी विक्री आदल्या दिवसात जाऊन बसते! हे पॉवर बीआयमध्ये नव्हे, व्ह्यूमध्येच सरळ करा. कॉलम टाइमझोनसकट असेल, तर ‘ॲट टाइम झोन’ लावून ‘एशिया/कोलकाता’ द्या. टाइमझोनशिवाय असेल, तर तेच दोनदा लावायचं: आधी ‘यूटीसी’, मग ‘एशिया/कोलकाता’. एकदाच लावलंत तर वेळ पुढे यायच्या ऐवजी आणखी मागे जाते.

तेवढ्यानेही भागत नाही. रात्री दहानंतर उतरलेला माल आमच्याकडे उद्याच्या बाजारात धरतात. म्हणून भारतीय वेळेत दोन तास मिळवून मग तारीख काढायची आणि त्या कॉलमला ‘बाजार दिनांक’ नाव द्यायचं. तुमच्याकडे दिवस कधी पालटतो ते मेहताजींना विचारा. प्रोग्रामरला ते माहीत नसतं.

रिपोर्ट पब्लिश केलात की डेस्कटॉपवर चाललेला रिफ्रेश (डेटा ताजा करणं) ऑनलाइन आपटतो. कारण आता डेटाबेसचं दार मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर ठोठावत असतात, आणि आपण तर फक्त ऑफिसचा आयपी सोडलाय. त्यांचे आयपी गोळा करत बसण्यापेक्षा ऑफिसातल्या एका कायम चालू असलेल्या विंडोज मशीनवर गेटवे बसवा, स्टँडर्ड मोडमध्ये. पर्सनल मोड नको, त्यात कोणीतरी लॉगइन असावं लागतं. स्टँडर्ड गेटवे विंडोजची सर्व्हिस म्हणून स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालतो, त्यामुळे तुमच्या ‘करंट यूजर’मधलं सर्टिफिकेट त्याला दिसतच नाही. गेटवेचं मशीन वेगळं असेल, तर तिथेही बंडल टाकायला विसरू नका. मशीनचं स्लीप बंद करा.

गेटवेवर कनेक्शन करताना सर्व्हर आणि डेटाबेसचं नाव डेस्कटॉपमध्ये होतं तसंच हुबेहूब लिहा आणि पासवर्ड पुन्हा द्या. तो फाइलबरोबर वर जात नाही. प्रो लायसनवर दिवसाला आठ शेड्यूल्ड रिफ्रेश मिळतात. ते घड्याळात समान वाटू नका. आम्ही बहुतेक पहाट ते सकाळ या वेळेत ठेवलेत, एक दुपारी वसुलीनंतर. शेड्यूलमधला टाइमझोन भारताचा निवडलाय ना, ते बघा.

पहिले काही दिवस मेहताजींच्या वहीतली बेरीज आणि रिपोर्टातला आकडा समोरासमोर ठेवा. फरक आला, तर आधी रात्री दहा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या पावत्या काढून बघा.